‘डिनाय’ आणि ‘रिफ्यूज’: नाकारलं म्हणजे नेमकं काय केलं?

‘ही डिनाइड टु कम.’ उत्तम इंग्रजी लिहिणाऱ्यांच्या ईमेलमध्येही हे वाक्य इतक्यांदा वाचलंय की आता नजर तिथेच अडखळते. यायला नकार दिला असेल तर ‘ही रिफ्यूज्ड टु कम’.

‘रिफ्यूज’ बहुतेकांना नीट येतं, त्यावर वेळ घालवत नाही. घोळ ‘डिनाय’चा आहे आणि त्याचं मूळ आपल्या ‘नाकारणे’त आहे.

‘त्याने पैसे घेतल्याचं नाकारलं.’
‘त्याने पैसे घ्यायचं नाकारलं.’

क्रियापद एकच, सगळा फरक ‘घेतल्याचं’ आणि ‘घ्यायचं’ यांत. पहिल्या वाक्यात माणसावर आरोप आहे आणि तो म्हणतोय, हे खरं नाही. दुसऱ्यात पैसे समोर आहेत आणि तो त्यांना हात लावत नाही. इंग्रजीत हा फरक क्रियापदातच दाखवावा लागतो: पहिलं ‘ही डिनाइड टेकिंग द मनी’, दुसरं ‘ही रिफ्यूज्ड टु टेक द मनी’. तुम्ही ‘डिनाइड टु टेक’ लिहिलंत, तर वाचणाऱ्याने त्या माणसाला आरोपी समजायचं की प्रामाणिक?

इन्कार तो ‘डिनाय’, नकार तो ‘रिफ्यूज’. इन्कार विधानाचा असतो, म्हणून ‘डिनाय’पुढे ‘दॅट’ चालतं, ‘आयएनजी’चं रूप चालतं, ‘टु’ लावलेलं क्रियापद कधीच नाही. दार उघडेना, इंजिन सुरू होईना, तिथे इंग्रजीत ‘रिफ्यूज’ खुशाल वापरतात. ‘डिनाय’ मात्र दाराला जमत नाही, कारण त्याला बोलता येत नाही.

गोंधळ वाढवणारी एक जागा आहे: ‘परमिशन डिनाइड’. इथे ‘डिनाय’ म्हणजे मागितलेली गोष्ट न देणं, आणि ते बरोबरच आहे. पण शब्द नामाशी जोडलाय: परमिशन, एन्ट्री, अ‍ॅक्सेस. ‘डिनाइड टु गिव्ह परमिशन’ लिहिलं की पुन्हा चूक. ‘ही वॉज रिफ्यूज्ड एन्ट्री’ही चालतं, तरी मी ‘डिनाइड’ निवडतो. ज्याला आत सोडलं नाही त्याचं वंचित राहणं त्यात जास्त जाणवतं.

राहिला ‘रिफ्यूट’. त्याचा अर्थ पुराव्याने खोटं ठरवणं. नुसता इन्कार या अर्थीही तो आता शब्दकोशांत सापडतो, पण मी तसा वापरत नाही. मराठी बातम्यांत पुराव्याविना केलेल्या इन्काराला ‘खंडन’ म्हणतात, तेही मला तितकंच खटकतं.