कुठे बघतंय हे मूल?

बडोद्याच्या कमाटीबागेत ललित कला शाखेचे विद्यार्थी चित्रवही मांडीवर घेऊन बसलेले दिसतात. त्यांच्यापैकी एकीनं काढलेलं शाईचं चित्र मला फार भावलं. गुडघ्यावर हनुवटी टेकून बसलेली सहा-सात वर्षांची मुलगी. मोजक्या रेषा, रंग नाही, छटाही नाहीत. तरी पाहताक्षणी कळतं, पोरीची तंद्री लागली आहे.

हे कळतं ते मुख्यतः डोळ्यांमुळे. माणसाच्या बुबुळाभोवतीचा पांढरा भाग बराच उघडा असतो. बहुतेक वानरांमध्ये तो गडद असतो, त्यामुळे त्यांची नजर कुठे वळली आहे हे लांबून ओळखणं अवघड जातं. हिरोमी कोबायाशी आणि शिरो कोशिमा या जपानी संशोधकांनी १९९७ मध्ये अनेक प्रजातींचे डोळे ताडून हा फरक दाखवून दिला. शाईच्या चित्राला तर ही रचना वरदानच. पांढरा कागद तयारच असतो, त्यावर काळा ठिपका जरा सरकवला की नजर सरकते. या मुलीचा ठिपका वर, एका कोपऱ्यात आहे. त्या दिशेला चित्रात काहीच नाही, म्हणूनच आपण ओळखतो की ती मनातलं काहीतरी बघते आहे.

‘इकडे बघून बोल!’ पाढे विचारताना आपल्या घरांत हे हटकून म्हटलं जातं. मला ते खटकतं. समोरचा चेहरा वाचणं हे मेंदूला मोठं काम असतं. बाबांच्या भुवया, ओठ, आवाजातली धार हे सगळं समजून घेता घेता ‘सतरा नव्वे किती?’ हेही आठवायचं, म्हणजे ओढाताणच. नजर वळवली की त्यातला बराच भार उतरतो.

स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग विद्यापीठात ग्वेनेथ डोहर्टी-स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना प्रश्न विचारले आणि त्यांची नजर कुठे जाते ते टिपलं. प्रश्न अवघड झाला की आठ वर्षांची मुलं जास्त वेळ दुसरीकडे बघत. पाच वर्षांच्या मुलांना ही सवय अजून पुरती लागलेली नव्हती. मग २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच वर्षांच्या मुलांना विचार करताना नजर वळवायला शिकवलं गेलं, तेव्हा त्यांची उत्तरं सुधारली. वर्गातल्या बाईंना यातून एक खूण मिळते: प्रश्नानंतर मूल खिडकीकडे बघू लागलं, तर ते बहुधा उत्तर जुळवत असतं, आणि तेवढ्यात प्रश्न पुन्हा विचारला की ती जुळणी मोडते.