आभासी स्मृती
आभासी स्मृती : प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतःची स्वतंत्र, सलग आणि प्रत्यक्ष रॅमपेक्षाही मोठी मेमरी असल्याचे भासवणारी, परिचालन प्रणाली व प्रोसेसर यांनी मिळून राबवलेली व्यवस्था. ‘डिस्कची जागा रॅमसारखी वापरणे’ असा तिचा अर्थ पुष्कळदा लावला जातो. तो अपुरा आहे. डिस्कवर स्वॅपसाठी (रॅममधून काढलेली माहिती ठेवण्यासाठी) जागा मुळीच राखलेली नसली, तरी प्रोग्रॅमच्या पत्त्यांचे रॅममधील खऱ्या पत्त्यांत रूपांतर चालूच असते आणि एका प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या मेमरीत ढवळाढवळ करता येत नाही, ती त्यामुळेच.

प्रोग्रॅमच्या मेमरीचे समान आकाराच्या ‘पानां’त आणि रॅमचे तेवढ्याच आकाराच्या ‘चौकटीं’त विभाजन केलेले असते. इंटेल घराण्याच्या प्रोसेसरांत पानाचा नेहमीचा आकार ४,०९६ बाइट असतो. समजा, प्रोग्रॅमने ८,२०० हा पत्ता मागितला. शून्यापासून मोजल्यास तो पान २ मधील ८ वा बाइट होय. पान २ चौकट ५ मध्ये असल्याची नोंद पेज टेबलात असेल, तर रॅममधील खरा पत्ता २०,४८८ येतो. ६४-बिट प्रोसेसरांत हे टेबल सहसा चार पातळ्यांचे असते. म्हणजे एका वाचनासाठी आधी चार वाचने. हा भुर्दंड टाळण्यासाठी अलीकडची रूपांतरे टीएलबी या छोट्या, अतिजलद साठ्यात ठेवतात. पान हलवल्यावर तेथील जुनी नोंद रद्द करायची राहिली, तर प्रोग्रॅम भलत्याच चौकटीतील माहिती वाचतो.

मागितलेले पान रॅममध्ये नसल्यास पेज फॉल्ट होतो. कर्नल, म्हणजे परिचालन प्रणालीचा गाभा, प्रथम पत्ता वैध आहे का ते तपासतो. नसल्यास प्रोग्रॅम सहसा तिथेच बंद पडतो. वैध असल्यास मोकळी चौकट शोधली जाते. ती नसेल तर एखादे पान बाहेर काढावे लागते, आणि त्यात बदल झालेला असल्यास आधी डिस्कवर लिहावे लागते. मग हवे ते पान आणून टेबल दुरुस्त केले जाते व अडलेली सूचना पुन्हा चालवली जाते.

या कल्पनेच्या जनकत्वाबद्दल एकमत नाही. बहुतेक पाठ्यपुस्तके श्रेय मँचेस्टर विद्यापीठाच्या ‘अ‍ॅटलस’ संगणकाला देतात. टॉम किलबर्न व सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये त्याच्या ‘एकस्तरीय साठ्या’चे वर्णन प्रसिद्ध केले: १६ हजारांवर शब्दांचा (शब्द म्हणजे मेमरीतील माहितीचे ठरावीक एकक) कोर साठा, म्हणजे जलद मुख्य मेमरी, त्याच्या सहापट शब्दांचा ड्रम, म्हणजे फिरता चुंबकीय साठा, आणि ५१२ शब्दांचे पान. मात्र फ्रिट्झ-रुडॉल्फ ग्युंट्श यांच्या बर्लिनमधील प्रबंधात (सु. १९५६–५७) कोर साठ्याचे सहा आणि ड्रमवरचे हजार गट, प्रत्येक गट १०० शब्दांचा, अशी योजना आधीच आढळते. ती कागदावरच होती. म्हणून कल्पनेचा अग्रमान ग्युंट्श यांना आणि प्रत्यक्ष यंत्राचा अ‍ॅटलसला देणे अधिक सयुक्तिक वाटते. बरोज कंपनीच्या बी ५००० (१९६१) या संगणकाचा दावा वेगळ्या प्रकारचा आहे : त्यात पानांऐवजी कमीजास्त लांबीचे खंड होते.

कोणते पान काढावे, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. ‘आधी आले ते आधी बाहेर’ या नियमाने १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५ हा क्रम चालवल्यास तीन चौकटींत ९ फॉल्ट होतात, चार चौकटींत १०! ही विसंगती संगणकशास्त्रज्ञ बेलाडी यांच्या नावाने ओळखली जाते.

रॅमचे वाचन १०० नॅनोसेकंदांचे आणि हार्ड डिस्कवरचे १० मिलिसेकंदांचे धरल्यास, लाखात एक फॉल्टसुद्धा सरासरी वेळ दुप्पट करतो. चालू प्रोग्रॅमांना लागणारी पाने रॅममध्ये मावेनाशी झाली, की यंत्र पाने आत-बाहेर करण्यातच गुंतते. यालाच थ्रॅशिंग म्हणतात. पूर्वीच्या काही प्रणाली प्रोसेसर रिकामा दिसताच आणखी कामे आत घेत आणि अवस्था बिघडवत. संगणकशास्त्रज्ञ पीटर डेनिंग यांची ‘वर्किंग सेट’ (प्रोग्रॅमने नजीकच्या काळात वापरलेल्या पानांचा संच) ही संकल्पना (१९६८) याच दोषावर उपाय म्हणून आली. लिनक्सवर मेमरीची स्थिती दाखवणाऱ्या व्हीएमस्टॅट या आज्ञेच्या एसआय (स्वॅपमधून आत) व एसओ (स्वॅपकडे बाहेर) या दोन्ही स्तंभांत मोठे आकडे सतत दिसत राहिले, तर हीच शंका घ्यावी. अशा वेळी स्वॅपची जागा वाढवून वेग परत येत नाही. कामे कमी करावी लागतात किंवा रॅम वाढवावी लागते.