कंपनीशी संशोधन साहित्याची देवाणघेवाण: एमटीएचा अर्ज परत का येतो

"कंपनी सेल लाइन (प्रयोगशाळेत सतत वाढवता येणाऱ्या पेशी) द्यायला तयार आहे, सरांनी सहीही केली, मग आता अडलंय कुठे?" हा प्रश्न घेऊन दर महिन्याला कोणीतरी येतंच. अडलेलं असतं त्या सहीतच. मटेरियल ट्रान्सफर अ‍ॅग्रीमेंट, म्हणजे एमटीए, हा संशोधन साहित्य देताना-घेताना संस्थांमध्ये होणारा करार; इथे तो विद्यापीठ आणि कंपनी यांच्यातला आहे. प्राध्यापक त्यात पक्षकार नसतात. अर्ज प्रकल्पप्रमुखाने करायचा, विद्यार्थ्याने गाईडमार्फत. करारावर सही मात्र विद्यापीठाने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याचीच चालते. प्राध्यापकांची सही फक्त 'अटी वाचल्या, पाळेन' एवढ्यापुरती.

अर्जासोबत साहित्याचं नाव व प्रमाण, पानभर संशोधन आराखडा, निधी कुणाचा याची माहिती आणि लागू असेल तिथे जैवसुरक्षा समितीची मंजुरी जोडायची. यात सहसा कोणी अडत नाही.

अडतं ते जुन्या करारापाशी. उणे ८० अंशांच्या फ्रीजरमधली एक ट्यूब डोळ्यांसमोर आणा: झाकणावर पुसट मार्करने प्लाझ्मिडचं (डीएनएच्या छोट्या गोल तुकड्याचं) नाव, एक तारीख आणि केव्हाच लॅब सोडून गेलेल्या विद्यार्थ्याची आद्याक्षरं. ते प्लाझ्मिड तुम्हाला कंपनीला द्यायचंय. पण ते आलं कुठून? दुसऱ्या संस्थेकडून आलं असेल, तर त्या वेळच्या एमटीएत 'तिसऱ्या पक्षाला देऊ नये' आणि 'व्यावसायिक वापर नाही' ही कलमं बहुधा असतातच. तो कागद कोणाकडेच नसतो. 'आमच्याच लॅबमध्ये बनलं' असं लिहून मोकळं होऊ नका. आधी मूळ संस्थेला लिहा, कराराची प्रत मागवा, लेखी परवानगी घ्या. याला आठवडे लागतात, म्हणून सुरुवात इथूनच करा.

माणसांचे नमुने असतील तर नैतिकता समितीची मंजुरी पुरत नाही. रुग्णाने सही केलेलं संमतीपत्र काढून वाचा. नमुना कंपनीला देता येईल असं त्यात नसेल, तर प्रकरण पुन्हा समितीपुढे जातं. आणि ते गेलंच पाहिजे, कारण शब्द त्या रुग्णाला दिलेला आहे.

आणखी एक नेहमीची चूक म्हणजे यूबीएमटीए (युनिफॉर्म बायॉलॉजिकल मटेरियल ट्रान्सफर अ‍ॅग्रीमेंट) जोडणं. १९९५ चा हा नमुना करार सार्वजनिक आणि ना-नफा संस्थांच्या आपसातल्या देवाणघेवाणीसाठी आहे. कंपनी आली की स्वतंत्र मसुदा लागतो. यूबीएमटीएतल्या व्याख्या मात्र समजून घ्या. मिळालेल्या पेशींपासून वाढवलेल्या पेशी ही 'संतती', मिळालेल्या डीएनएपासून बनवलेलं प्रथिन हे 'न बदललेलं व्युत्पन्न', आणि ते साहित्य ज्यात सामावलेलं आहे असं नवं काही तुम्ही घडवलंत तर ते 'रूपांतर'. पहिल्या दोन्हींवर हक्क साहित्य देणाऱ्याचा. रूपांतर तुमचं, त्यातलं मूळ साहित्य वगळून. कंपनीच्या मसुद्यात कधी कधी या तिन्ही गोष्टी एकाच वाक्यात कंपनीच्या नावे केलेल्या असतात. पुढच्या शोधांवर आणि पेटंटवर हक्क सांगणारं कलमही तिथेच असतं. तिथे खूण करून संशोधन कार्यालयाला दाखवा. उशीर होईल या भीतीने गप्प बसू नका.

मुदतीचा घोळ प्रकाशनाच्या कलमात होतो. 'हस्तलिखित ३० दिवस आधी दाखवावे' असं असेल, तर दिवस मोजायचे ते कंपनीला हस्तलिखित पोचल्यापासून आणि जर्नलला पाठवण्याच्या आधी. लेख पाठवून मग कंपनीला कळवलं तर तो करारभंग ठरतो. पोस्टर आणि परिषदेचा सारांशही बहुधा यात येतो. पेटंट अर्जासाठी कंपनी आणखी दिवस मागू शकते, पण त्याला कमाल मर्यादा लिहून घ्या. पीएचडीचा विद्यार्थी असेल तर प्रबंध सादर करण्याची मोकळीक वेगळ्या ओळीत मागा. तयार प्रबंध हातात असून वाट बघत बसलेली मुलं मी पाहिली आहेत.

साहित्य दुसऱ्या देशातल्या वनस्पती किंवा सूक्ष्मजीवांचं असेल, तर २०१४ पासून लागू असलेल्या नागोया प्रोटोकॉल या जैविक संसाधनांच्या वापराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार त्या देशाची परवानगी लागते का हे मसुद्याआधीच तपासा.

दोन्ही बाजूंच्या सह्या होईपर्यंत पार्सल पाठवू नका, मागवूही नका. थंडाव्यासाठी भरलेला कोरडा बर्फ वाटेत वायू होऊन उडत जातो, आणि कागद अपुरे म्हणून अडकलेल्या खोक्यातल्या पेशी वाचत नाहीत. कराराची प्रत ट्यूबच्या नोंदवहीतच लावा. मुदत संपली की उरलेलं साहित्य परत करा किंवा नष्ट करा, आणि तसं पत्र तारखेसह कंपनीला पाठवून त्याची पोच घ्या.