रिमोटवर उडणाऱ्या हेलिकॉप्टरच्या मोटरला तेल: किती, कुठे आणि कुठे अजिबात नाही
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

‘तेल घातलं आणि तेव्हापासून हेलिकॉप्टर उचलतच नाही.’ दुरुस्तीला येणाऱ्या मोटरींबरोबर ही तक्रार इतक्यांदा ऐकू येते, की सगळं एकदा नीट लिहून हातात द्यावं असं ठरवलं. पिनियन कुठला, मेन गिअर कुठला, बॅटरी कशी जपायची हे तुम्हाला माहीत आहे असं धरून लिहितो आहोत.

आधी मोटर कोणती ते पाहा. दोन वायरी असतील तर ती ब्रशची, तीन असतील तर ब्रशलेस. दोन्हींची निगा वेगळी आहे, आणि घोळ होतो तो बहुतेक वेळा ब्रशच्या मोटरीत.

ब्रशच्या मोटरीत मागच्या टोपणाच्या आत कम्युटेटर असतो. शाफ्टभोवती, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती, बसवलेल्या तांब्याच्या पट्ट्या, त्यांच्यामध्ये बारीक फटी, आणि पट्ट्यांवर टेकलेले दोन ब्रश, म्हणजे वीज पोचवणारे कार्बनचे छोटे तुकडे. वाइंडिंगला (आतल्या तारेच्या वेटोळ्यांना) वीज मिळते ती याच टेकण्यातून, म्हणून ही जागा कोरडी असायलाच हवी. मोटरच्या बाहेरच्या डब्याला असलेल्या खिडकीतून आत तेल सोडलं, की ब्रशची झिजून पडलेली कार्बनची भुकटी त्यात कालवली जाते आणि तो काळा लगदा पट्ट्यांमधल्या फटींत जाऊन बसतो. कार्बनमधून वीज वाहते. त्यामुळे जी वीज वाइंडिंगमधून जायला हवी, तिचा काही भाग फटीतूनच पलीकडे जातो. ठिणग्या वाढतात, पट्ट्या काळवंडतात, मोटर तापते आणि ताकद मात्र उतरते. मोटर जड चालते आहे असं वाटून माणूस पुन्हा तेल घालतो. आमच्या टेबलावर येईपर्यंत अशी मोटर आतून पूर्ण भिजलेली असते. ती धुणं, वाळवणं, पुन्हा चालवून पाहणं यात वेळ जातो, आणि एवढं करूनही पट्ट्या जळालेल्या असतील तर ती वाचत नाही.

तेल लागतं ते फक्त बुशला, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो त्या कड्याला. शाफ्ट डब्यातून बाहेर येतो तिथे पुढचा बुश असतो आणि मागच्या टोपणाच्या मधोमध दुसरा. या मोटरींमधले बुश बहुधा सच्छिद्र ब्रॉन्झचे असतात. कारखान्यातच त्यांच्यात तेल मुरवलेलं असतं, त्यामुळे नव्या मोटरीला आणखी घालायची गरज नसते. पुढे चालताना बारीक किंचाळल्यासारखा आवाज येऊ लागला, किंवा मोटर क्लीनरने धुतली, तरच घाला. मोटर आडवी धरा. सुईच्या टोकावर मावेल एवढाच थेंब घेऊन शाफ्ट आणि बुश यांच्या सांध्याला टेकवा. तो आपोआप आत ओढला जातो. शाफ्ट हाताने काही वेळा फिरवा आणि बाहेर दिसणारं सगळं तेल पुसून घ्या. मागच्या बुशला लावताना जास्त जपा, कारण कम्युटेटर तिथून अगदी जवळ आहे. मोटर उभी धरून वरून थेंब सोडला तर तो थेट कम्युटेटरवर उतरतो.

शिलाई मशीनचं पातळ तेल चांगलं चालतं. ग्रीस इतक्या लहान मोटरीला जड पडतं. स्वयंपाकाचं किंवा डोक्याला लावायचं तेल कालांतराने चिकट होऊन बसतं. गंजलेले नट सोडवायचा स्प्रे तर वापरूच नका: तो बुशमध्ये मुरलेलं तेल धुऊन काढतो आणि स्वतः फार दिवस टिकत नाही. सुईच्या तोंडाची तेलाची छोटी बाटली आमच्याकडे मिळते. एक घेतली की बराच काळ पुरते, आणि थेंब आवरता येतो हा तिचा खरा उपयोग.

सफाईचं म्हणाल तर बॅटरी काढून मऊ ब्रशने बाहेरची धूळ झटकणं आणि शाफ्टला गुंडाळलेले केस, सतरंजीचे धागे चिमट्याने काढणं, एवढं बहुतेक वेळा पुरतं. हे धागे मुकाट्याने बुशपर्यंत पोचतात आणि त्यातलं तेल शोषून घेतात. आत खरंच लगदा झाला असेल तर इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर खिडकीतून मारा, बाहेर येणारा द्रव स्वच्छ दिसेपर्यंत. मग पूर्ण वाळू द्या. यात घाई नको, कारण असे बरेच क्लीनर ज्वलनशील असतात आणि ब्रशची मोटर चालताना ठिणगी पडतेच. वाळल्यावर दोन्ही बुशना वर सांगितल्याप्रमाणे तेल द्या. डब्याला डाग दिलेले (सोल्डर केलेले) छोटे कपॅसिटर या गडबडीत निखळले नाहीत ना, तेही बघा. ते तुटले तर मोटरचा विद्युत गोंगाट वाढतो आणि रिसीव्हरला (रिमोटचे संदेश घेणाऱ्या भागाला) त्रास होऊ शकतो.

लहान हेलिकॉप्टरच्या शेपटीतली बोटाच्या पेराएवढी कोअरलेस मोटर मात्र धुऊ नका. तिच्या वाइंडिंगला लोखंडी गाभ्याचा आधार नसतो. तारा चिकटद्रव्यानेच एकमेकींना धरून असतात आणि तीव्र क्लीनरने ते सुटू शकतं. तिचे ब्रश झिजले की मोटर बदलायची. आम्ही ‘नवी घाला’ म्हणतो तेव्हा काहींना वाटतं की माल खपवायचा आहे. पण ही मोटर उघडून ब्रश बदलण्यासारखी बनवलेलीच नसते. रिमोटवरची ट्रिम (दिशा सावरायची सोय) पूर्ण देऊनही शेपटी एका बाजूला वळत राहिली, तर पहिला संशय तिच्यावर घ्या.

ब्रशलेसमध्ये झिजणारी गोष्ट म्हणजे बेअरिंग. हाताने फिरवताना टप्प्याटप्प्याने अडल्यासारखं लागतं, ती चुंबकांची ओढ आहे, दोष नाही. वाळू भरडल्यासारखी खरखर लागली किंवा शाफ्ट आडवा हलला, तर बेअरिंग गेलं. ते धुऊन, तेल घालून काही उड्डाणं निघतात, पण खरवडलेल्या गोळ्या पुन्हा गुळगुळीत होत नाहीत, म्हणून आम्ही थेट बदलतो. हवेच्या झोतावर बेअरिंग गरगरवू नका. आणि मोटर उघडून टेबलावर ठेवली तर लोखंडाचा कीस चुंबकांना चिकटतो. तो चिकटपट्टीने टिपून काढा.

मोटर तापते म्हणजे तेल कमी आहे, असं समजू नका. अनेकदा पिनियन (मोटरच्या शाफ्टवरचं छोटं दातेरी चाक) मेन गिअरवर (पंखा फिरवणाऱ्या मोठ्या दातेरी चाकावर) फार घट्ट बसवलेला असतो. दोन्हींच्या दातांमध्ये पातळ कागदाची पट्टी घालून मोटर टेकवा, स्क्रू आवळा आणि कागद काढा. साधारण योग्य फट मिळते. प्लॅस्टिकच्या गिअरला तेल नको, त्यावर धूळ चिकटून दात खाल्ले जातात. एक बॅटरी संपल्यावर दुसरी लावण्याआधी ब्रशच्या मोटरीला थंड व्हायला वेळही द्या.

तेलात भिजलेली मोटर आम्ही वॉरंटीत बदलून देत नाही. बनवणारा ती आमच्याकडून परत घेत नाही, आणि उघडल्यावर कारण स्पष्ट दिसतं. तपासणीचे पैसे मात्र मोटर आमच्याकडून घेतली किंवा बसवून घेतली तर बिलातून वजा होतात. मोटर दाखवायला आणताना वायरी डागापासून सोडवू नका, पिनियन ठोकून काढू नका, आणि जमेल तर अख्खं हेलिकॉप्टर बॅटरीसह आणा. कोणतं तेल किंवा स्प्रे मारला होता तेही सांगा. धुवायचं कशाने, हे त्यावरूनच ठरतं.