खालच्या ओझोनचं सगळं खापर गाड्यांवर नको

'वरचा ओझोन वरच राहतो, खालचा सगळा धुरातून होतो' असं आपण शाळेपासून ऐकतो. हे अर्धंच खरं आहे.

वातावरणातला सुमारे ९० टक्के ओझोन स्थितांबरात, म्हणजे हवेच्या वरच्या थरात असतो, पण त्याखालचं तपांबर, म्हणजे जमिनीलगतचा आपला थर, काही झाकण लावून बंद केलेलं नाही. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात वसंतात वरच्या हवेची जीभ कधीकधी थेट जमिनीपर्यंत उतरते. ती ओळखायची कशी? ओझोन चढतो, पण हवा कोरडी होते आणि कार्बन मोनॉक्साइड घटतो. शहरी धूर असता तर कार्बन मोनॉक्साइडही वाढला असता! तीव्र ला निनानंतरच्या (म्हणजे विषुववृत्तावरचा प्रशांत महासागर नेहमीपेक्षा थंड झाल्यानंतरच्या) वसंतात हे प्रकार तिथे जास्त होतात.

ऑरा उपग्रहाच्या २००५ ते २०१० च्या मोजणीत दिसलं, की एल निनो (ला निनाच्या उलट, तोच समुद्र तापणं) आणि विषुववृत्तावर सुमारे २८ महिन्यांच्या चक्रात दिशा पालटून पुन्हा मूळ दिशेला येणारे उंचावरचे वारे यांमुळे स्थितांबरातलं अभिसरण ४० टक्क्यांच्या आसपास कमीजास्त होतं. त्यातून उत्तरेच्या मध्य अक्षांशांवर तपांबरातला ओझोन साधारण २ टक्क्यांनी हलतो.

दोन टक्के किरकोळ वाटतील. पण प्रदूषण नियंत्रणाचा परिणाम वर्षागणिक तेवढाच असेल, तर एकदोन वर्षांच्या आकड्यांवरून श्रेय घेणं घाईचं. अर्थात, दिल्लीतल्या उन्हाळी दुपारच्या ओझोनला मुख्यतः धूर आणि ऊनच जबाबदार.