सातपुड्यातले गोठलेले दव कुठे शोधावे?

नंदुरबार जिल्ह्यातील डाब परिसरात दवबिंदू गोठल्याची बातमी आली की खान्देशातील हौशी भटक्यांची पावले सातपुड्याकडे वळतात. त्यांतील बहुतेक जण जितके उंच जावे तितकी थंडी अधिक, या समजुतीने पहाटेच माथा गाठतात आणि तिथे कोरडे गवत पाहून हिरमुसतात.

समजूत अगदीच खोटी नाही, कारण सरासरीने दर किलोमीटर उंचीमागे तापमान सुमारे ६.५ अंश सेल्सिअसने उतरते. मात्र हिवाळ्यातील निरभ्र, वारा पडलेल्या रात्री हे गणित उलटते. जमीन अवरक्त किरणांच्या रूपाने सतत उष्णता बाहेर टाकत असते. ढग आणि हवेतील बाष्प एरवी तिचा बराच भाग परत खाली पाठवतात, पण थंडीतल्या कोरड्या आकाशाकडून ती परतफेड फारच कमी होते. जमीन निवते, तिला टेकलेली हवा गार होऊन जड होते आणि उतारावरून हळूहळू ओघळत नाल्याकाठच्या खोलगटात साचते. त्यामुळे दरीचा तळ वरच्या उतारापेक्षा काही अंशांनी थंड असू शकतो.

हवामान केंद्रातील तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर असतो. गवताची पात मात्र पातळ असते, तिच्यात उष्णतेचा साठा जवळजवळ नसतो आणि मातीची ऊबही तिच्या टोकापर्यंत पोहोचत नाही. म्हणून तापमापक ४ अंश दाखवीत असतानाही पातीवर बर्फ धरू शकतो. आधी दव पडून मग गोठले असेल तर पारदर्शक मणी दिसतात, तर बाष्पाचा थेट बर्फ झाला असेल तर पांढरी, काटेरी साय दिसते. दाट झाडाखाली यांपैकी काहीच सहसा आढळत नाही, कारण जमिनीची उष्णता पानांचे छत अडवते. रावेर-यावलच्या सपाटीवरही अशाच रात्री केळीला थंडीचा फटका बसतो, आणि शेतकरी बागेला रात्री पाणी देतात ते ओली माती उष्णता अधिक साठवते म्हणूनच.

तेव्हा स्थानिक वाटाड्याला माथ्याऐवजी नाल्याकाठच्या उघड्या गवताळ जागेवर न्यायला सांगावे आणि तेही सूर्योदयापूर्वी, कारण किमान तापमान त्याच सुमारास नोंदले जाते. रात्री ढग किंवा वारा असेल तर पहाटेची झोप मोडण्यात अर्थ नाही. पोहोचायला उशीर झालाच, तर डोंगराच्या पश्चिमेकडील सावलीत शोधावे. तिथे ऊन उशिरा उतरते.