घरगुती मत्स्यटाकीतील जीवांची निवड (सोलापूर)

घरातील लहान काचेच्या टाकीत कोणते मासे, गोगलगायी किंवा कोळंबी किती संख्येने ठेवावी हे ठरवण्याची रीत. लहान टाकी म्हणजे येथे दोन फुटी : लांबी २४, रुंदी व उंची प्रत्येकी १२ इंच. हिशेबाने तिच्यात ५६ लिटर पाणी मावते. तळाची खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता ४५ लिटरच्या आसपास उरते. सोलापुरात ही निवड पाण्याचा जडपणा आणि उन्हाळा पाहून करावी लागते. आधी रंग पाहून मासा आणायचा आणि मग त्याला मानवेल असे पाणी शोधत बसायचे, या उलट्या क्रमानेच पुष्कळ टाक्या रिकाम्या होऊन माळ्यावर जातात.

शहराला भीमा नदीवरील उजनी धरणातून पाणी मिळते. नळाला वर्षानुवर्षे काही दिवसांआड पाणी येत असल्याने घरोघरी बॅरल आणि हौद भरून ठेवण्याची सवय आहे. ती माशांच्या पथ्यावर पडते, कारण उघड्या भांड्यात दिवसभर राहिलेल्या पाण्यातले क्लोरीन बरेचसे उडून जाते. नळाला पाणी आल्याबरोबर पाइप थेट टाकीत सोडला तर मात्र माशांचे कल्ले भाजून निघतात. बोअरचे पाणी बेसाल्ट खडकातले, बहुधा जड. बादलीला पांढरे पुट धरणारे. हे जड पाणी गप्पी, मोली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल या पिल्ले घालणाऱ्या माशांना उत्तम मानवते. निळ्या-लाल पट्ट्याचा निऑन टेट्रा ॲमेझॉन खोऱ्यातील मऊ, किंचित आम्ल पाण्याचा. दुकानात तो सर्वांत देखणा दिसतो, पण येथे तो नवख्याने घेऊ नये.

मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो आणि बंद खोलीतल्या टाकीचे पाणीही तिशी ओलांडते. पाणी जितके ऊन तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो : २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. त्यामुळे हिवाळ्यात निभावलेली गर्दी उन्हाळ्यात जिवावर बेतते आणि मासे पृष्ठभागाशी तोंड काढून धापा टाकू लागतात. माशांची संख्या मे महिना डोळ्यांसमोर ठेवूनच ठरवावी. वीज गेल्यावर हवेचा पंप बंद पडतो, हेही त्यात धरावे. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने आटते, क्षार मात्र मागे राहतात. म्हणून आटलेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्याने घालणे बरे.

फायटर (बेटा) माशाच्या डोक्यात हवेतून श्वास घेणारे खास इंद्रिय असते, त्यामुळे तो उन्हाळा तुलनेने सहज काढतो. दोन नर मात्र एकत्र ठेवू नयेत. गप्पीचे फक्त नर घेणे शहाणपणाचे. मादी साधारण महिन्याला वीस-तीस, कधी त्याहून जास्त पिल्ले घालते. एकदा साठवलेल्या शुक्राणूंवर ती पुढे अनेक महिने नराविना प्रसवते. दोन फुटी टाकीत आठ नर गप्पी आणि दोन गोगलगायी, किंवा एक फायटर आणि दोन गोगलगायी, एवढा संसार पुरे. जड पाण्यातील कॅल्शियममुळे गोगलगायींचे शंखही चांगले धरतात. चेरी कोळंबीला ऊन पाणी आणि तांबे सोसत नाही. माशांच्या काही औषधांत तांबे असते.

वास्तूसाठी आठ सोनेरी आणि एक काळा, असे नऊ गोल्डफिश ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. श्रद्धेचा मान ठेवूनही हे सांगायला हवे की गोल्डफिश कार्प कुळातला, थंड पाण्याचा मासा आहे. नीट सांभाळल्यास तो वीतभर वाढतो आणि दहा वर्षांहून अधिक जगतो. दोन फुटी टाकीत त्या नवांचा जीव गुदमरतो. काच साफ ठेवतो म्हणून विकला जाणारा सकर फिश फूटभर होतो. अरोवाना त्याहूनही मोठा.

टाकी भरल्याच्या दिवशीच मासे सोडू नयेत. विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. त्या काळात अगदी चिमूटभर खाद्य रोज टाकून जिवाणूंना पोसावे, मग दोन-तीन मासे सोडावेत आणि उरलेले पंधरवड्याच्या अंतराने आणावेत.

वाढलेली पिल्ले किंवा नकोसा झालेला मासा सिद्धेश्वर तलावात वा कंबर तलावात सोडू नये. मूळची आफ्रिकेची चिलापी आज उजनीच्या जाळ्यांत मुबलक सापडते; परका मासा एकदा रुळला की पुन्हा वेचून काढता येत नाही. जास्तीचे गप्पी शेजाऱ्याच्या बंदिस्त हौदात द्यावेत. डासांच्या अळ्या ते आवडीने खातात.